अंगावर चढवलेला हुकूम

गणवेश दोन कामे एकाच वेळी करतो. एका गटातल्या माणसांमधले आपापसातले फरक तो झाकतो, आणि तो गट व बाकीचे जग यांच्यामध्ये ठळक रेघ ओढतो. शाळकरी मुले, परिचारिका, पोस्टमन, वाहतूक पोलीस यांच्या बाबतीत यात वावगे काही नसते. काम संपले की गणवेश खुंटीला लागतो आणि माणूस स्वतःच्या कपड्यांत बाजारात जातो. जुलमी राजवटीत हीच साधी गोष्ट निराळे रूप घेते. अंगावर काय असावे हे दुसराच कोणी ठरवतो, ते उतरवणे हा गुन्हा होतो, आणि ते पाहून समोरच्याने कसे वागायचे हेही आधीच ठरून गेलेले असते.

यामागचा हिशेब बराचसा कारकुनी आहे. लाखो माणसांवर पाळत ठेवणे महाग पडते. नोंदवही कचेरीत आणि माणूस रस्त्यावर. दोघांची गाठ घालायची तर शिपाई, दाखले, तपासणी नाकी, सगळेच लागते. खूण कपड्यावर आणली की वहीतली नोंद माणूस स्वतःच अंगावर वागवू लागतो. मग ती वाचायला सरकारी नोकरच हवा असे नाही. दुकानदार, ट्रामचा वाहक, शेजारी, रस्त्यावर खेळणारे पोर, कोणालाही ती वाचता येते, आणि पहाऱ्याचे काम सगळ्या समाजात फुकट वाटले जाते. धर्म, विचारसरणी आणि शतक बदलले तरी राज्यकर्त्यांना ही युक्ती पुन्हा पुन्हा सुचली, ती यामुळेच.

अब्बासी खलिफा अल्-मुतवक्किल याने इ. स. ८५० मध्ये ज्यू आणि ख्रिस्ती प्रजेला मधाच्या रंगाची वस्त्रे सक्तीची केली. युरोपात १२१५ साली पोप तिसरा इनोसंट याने बोलावलेल्या चौथ्या लॅटरन परिषदेने ज्यू आणि मुसलमान यांनी वेगळा पोशाख करावा असे फर्मान काढले. त्याचे कारणही परिषदेने सांगून ठेवले आहे. पेहरावावरून हे लोक वेगळे ओळखू येत नाहीत, त्यामुळे ख्रिस्ती स्त्री-पुरुषांशी त्यांचे चुकून संबंध जुळतात, अशी ती तक्रार होती. ज्या फरकावर सगळी व्यवस्था उभी होती तो नुसत्या डोळ्यांना दिसतच नव्हता, म्हणून तो कापडावर शिवून घ्यावा लागला. इंग्लंडात १२७५ च्या कायद्याने सात वर्षांवरील प्रत्येक ज्यू माणसाच्या छातीवर पिवळ्या कापडाचा तुकडा आला.

गुलामांच्या बाबतीत तर कातडीचा रंगच दिसत होता. तरीही अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना वसाहतीला कपड्यांचा कायदा करावासा वाटला. १७३९ मध्ये तिथे स्टोनो नदीकाठी गुलामांचा उठाव झाला आणि पुढच्याच वर्षी जो दडपशाहीचा कायदा आला, त्यात गुलामांनी कोणते कापड वापरावे याची यादी होती. सगळे स्वस्त आणि जाडेभरडे प्रकार. यातल्याच एका भरड्या कापडाला बाजारात ‘निग्रो क्लॉथ’ म्हणत. याहून चांगला कपडा गुलामाच्या अंगावर दिसला तर हवालदाराने तो काढून घ्यावा आणि खुशाल स्वतःला ठेवावा, अशी मुभा कायद्यातच होती. अपवाद एकच: मालकाने आपल्या घराच्या शोभेसाठी नोकरांना दिलेली वर्दी. म्हणजे गुलामाच्या अंगावर भारी कापड असायला हरकत नव्हती, फक्त ते त्याच्या हौसेचे नसावे. गुलामांपैकी काही जण स्वतःच्या कष्टातून चार पैसे साठवून, जुने कपडे विकत घेऊन रविवारी नटत, आणि नेमके तेच कायदा करणाऱ्यांना खुपत होते.

भारतात हे काम बहुतेक वेळा लेखी कायद्याशिवाय झाले. जातीने कपडा ठरवला आणि गावाने तो पाळायला लावला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३६ मध्ये लाहोरच्या अधिवेशनासाठी लिहिलेल्या, पण तिथे करता न आलेल्या भाषणात याचे दाखले दिले आहेत. पेशवाईत अस्पृश्याने मनगटात किंवा गळ्यात काळा दोरा बांधायचा, पुण्यात कमरेला झाडू आणि गळ्यात मडके अडकवायचे, असे त्यांनी तिथे नोंदवले. त्यांनी दिलेला दुसरा दाखला त्यांच्या काळातला, १९२८ च्या सुमाराचा आणि इंदूर भागातला. तिथल्या गावांतल्या सवर्णांनी बलाई जातीच्या लोकांना नियमच घालून दिले. पुरुषांनी जरीच्या काठाचा फेटा बांधायचा नाही, रंगीत किंवा नक्षीच्या काठाचे धोतर नेसायचे नाही. बायकांनी सोन्या-चांदीचे दागिने घालायचे नाहीत, भारी घागरा किंवा चोळी वापरायची नाही. याच यादीत सवर्णांच्या घरच्या मर्तिकाचा निरोप पोचवणे आणि बिनतक्रार चाकरी करणेही होते. बलायांनी नियम मानायला नकार दिला, तेव्हा त्यांना विहिरी बंद झाल्या, गुरे चारायची बंदी झाली, उभ्या पिकात दुसऱ्यांची जनावरे शिरली. शेकडो कुटुंबांनी घरे सोडून शेजारच्या संस्थानांची वाट धरली. धोतराचा काठ ही बाब इतकी गंभीर होती.

त्रावणकोर संस्थानातल्या नाडर जातीच्या स्त्रियांचा लढा याहून जुना. अंग झाकणे हा तिथे वरच्या जातींचा मान होता आणि नाडर बायकांना तो नव्हता. मिशनऱ्यांच्या शाळांत जाणाऱ्या मुली-बायकांनी चोळी घालायला सुरुवात केल्यावर बाजारात त्यांचे कपडे फाडले गेले, दंगे झाले. अखेर १८५९ मध्ये महाराजांनी जाहीरनामा काढला. त्याची शब्दयोजना मोठी सावध होती: नाडर स्त्रियांनी अंग झाकावे, मात्र उच्च जातीच्या स्त्रियांसारखे नव्हे. कपड्याची परवानगी मिळाली, पण वर्गवारी शाबूत राहिली.

महाराष्ट्रात याच मुद्द्यावर बोट ठेवले गेले ते महाडला. डिसेंबर १९२७ मध्ये मनुस्मृतीचे दहन झालेल्या त्या सत्याग्रह परिषदेत आंबेडकरांनी स्त्रियांसमोर वेगळे भाषण केले. समोर बसलेल्या बायकांची लुगडी गुडघ्यापर्यंत नेसलेली होती. गळ्यात गळसऱ्यांचा भार, हातात कोपरापर्यंत कथलाचे किंवा चांदीचे दागिने. लांबून पाहताच जात कळावी असा तो पेहराव होता. तो टाकून द्या, लुगडी पायापर्यंत नेसा, दागिना घालायचा तर मोजका आणि चांगला घाला, फाटके असले तरी स्वच्छ असू द्या, असा त्यांच्या सांगण्याचा रोख होता. परिषद संपण्याच्या आतच अनेकींनी नेसण्याची पद्धत बदलली. मनुस्मृतीच्या होळीपुढे हा प्रसंग पुस्तकांत बहुधा दोन ओळींत उरकला जातो. पण चवदार तळ्याचे पाणी पिणे आणि लुगडे घोट्यापर्यंत आणणे या एकाच लढाईच्या दोन बाजू होत्या. नियम कोणीही लिहून दिलेला नव्हता, म्हणून त्याची होळीही करता येत नव्हती. तो अंगावरूनच उतरवावा लागणार होता.

कपड्यावरच्या खुणेचे सर्वांत काटेकोर शास्त्र नाझी जर्मनीने बनवले. सुरुवात परक्या मजुरांपासून झाली. मार्च १९४० च्या आदेशाने जर्मनीत कामाला आणलेल्या पोलिश मजुरांच्या छातीवर पिवळ्या चौकटीतले जांभळे ‘पी’ अक्षर आले. १९४२ मध्ये सोव्हिएत प्रदेशातून आणलेल्यांना ‘ओस्ट’, म्हणजे ‘पूर्व’, असे लिहिलेली पट्टी मिळाली. मधल्या काळात १ सप्टेंबर १९४१ चा पोलीस आदेश निघाला. सहा वर्षांवरील प्रत्येक ज्यू व्यक्तीने तळहाताएवढा पिवळा तारा, त्यावर काळ्या अक्षरांत ‘यूडे’, म्हणजे ‘ज्यू’, असे लिहिलेला, छातीच्या डाव्या बाजूला घट्ट शिवून लावायचा. टाचणीने अडकवलेला चालणार नव्हता. दप्तराने किंवा शालीने तो झाकला तर शिक्षा. अंमलबजावणी १९ सप्टेंबरपासून सुरू झाली. ड्रेस्डेनचे भाषा-अभ्यासक व्हिक्टर क्लेम्पेरर त्या राजवटीतून जिवंत सुटले आणि मागे वळून पाहताना त्यांनी १२ वर्षांतला सर्वांत जड दिवस म्हणून याच दिवसाकडे बोट दाखवले. नोकरी त्याआधी गेली होती, घर गेले होते, वाचनालय बंद झाले होते. तरी रस्त्यावर चालताना ते निदान हजारांतले एक होते. तारा आल्यावर तेही राहिले नाही.

खुणेचा खर्चही ज्याच्या छातीवर ती लागायची त्याच्याच खिशातून. जर्मनीने व्यापलेल्या फ्रान्समध्ये जून १९४२ पासून तारा सक्तीचा झाला, तेव्हा तिथे कापड रेशनवर होते. तीन ताऱ्यांमागे कापडाच्या रेशनचा एक गुण कापून घेतला जाई. स्वतःला अपमानित करणारे कापड घेण्यासाठी माणसाने आपल्या सदऱ्याच्या वाट्याचे कापड खर्च करायचे! डेन्मार्कच्या राजाने स्वतः तारा लावून ज्यूंची बाजू घेतली ही गोष्ट पुष्कळ सांगितली जाते. ती खरी नाही, कारण डेन्मार्कमध्ये ताऱ्याचा आदेश कधी निघालाच नाही.

छळछावण्यांत या शास्त्राला पूर्ण आकार आला. १९३३ मध्ये डाखाऊची छावणी उघडली तेव्हा खुणांची एकसारखी पद्धत नव्हती. १९३७-३८ च्या सुमारास ती सगळीकडे लागू झाली. पट्ट्यापट्ट्यांचे कपडे, छातीवर आणि विजारीवर क्रमांक, आणि त्याच्या जोडीला खाली टोक असलेला रंगीत त्रिकोण. लाल म्हणजे राजकीय कैदी, हिरवा म्हणजे सराईत गुन्हेगार, काळा म्हणजे ‘समाजविघातक’, गुलाबी म्हणजे समलिंगी पुरुष, जांभळा म्हणजे यहोवाचे साक्षीदार या पंथाचे लोक, निळा म्हणजे देश सोडून जाऊन परत आलेले. कैदी ज्यू असेल तर त्या त्रिकोणाखाली उलटा पिवळा त्रिकोण, म्हणजे दोन्ही मिळून षट्कोनी तारा तयार. परदेशी कैद्याच्या त्रिकोणात त्याच्या देशाचे आद्याक्षर. दुसऱ्यांदा छावणीत आलेल्याच्या त्रिकोणावर आडवी पट्टी, शिक्षेच्या तुकडीतल्याला काळा ठिपका, पळून जाईल असा संशय असलेल्याच्या छातीवर आणि पाठीवर लाल वर्तुळ. हे वर्तुळ नेम धरायलाही सोयीचे होते.

या रंगांचा उपयोग केवळ पहारेकऱ्यांना नव्हता. कैद्यांना एकमेकांवर बसवण्यासाठी ते अधिक कामी आले. छावणीचा रोजचा कारभार नाझींच्या एसएस दलाने कैद्यांपैकीच निवडलेल्या मुकादमांवर सोपवला. त्यांना ‘कापो’ म्हणत आणि त्यांच्या दंडावर वेगळी फीत असे. कामावर हाकणे, मारणे आणि चुगली करणे ही कामे त्यांची. बदल्यात जास्त अन्न आणि बरा कपडा. अनेक छावण्यांत या जागा हिरव्या त्रिकोणवाल्यांना मुद्दाम दिल्या गेल्या. बुखेनवाल्डसारख्या ठिकाणी लाल त्रिकोणवाल्यांनी त्या त्यांच्याकडून हिसकावून घेतल्या, आणि हा हिरव्या-लालचा झगडा कैद्यांच्या जगण्यामरण्याचा प्रश्न होता. छातीवरचा रंग पाहून कैदी एकमेकांवर विश्वास टाकत किंवा काढून घेत. ज्यांनी तो रंग वाटला होता त्यांना याहून जास्त काय हवे असणार?

बर्लिनच्या उत्तरेकडे राव्हेन्सब्रुक ही स्त्रियांची छावणी होती. तिथे एसएसच्या मालकीच्या शिवण-कारखान्यात कैदी बायका काम करीत. कैद्यांचे पट्टेरी कपडे आणि एसएस सैनिकांचे गणवेश दोन्ही त्यांच्याच हातून शिवले जात. युद्ध लांबत गेले तसे पट्टेरी कापड अपुरे पडू लागले. मग मारल्या गेलेल्या माणसांचे साधे कपडेच नव्या कैद्यांना दिले गेले आणि त्यांवर तेलरंगाचे पट्टे मारले गेले. गणवेश पुरवता आला नाही तरी खूण मात्र सोडली नाही.

सोव्हिएत संघाने १९४८ पासून राजकीय कैद्यांसाठी ज्या ‘विशेष छावण्या’ काढल्या, त्यांत रंग नव्हते, फक्त क्रमांक होते: टोपीवर, छातीवर, पाठीवर, गुडघ्यावर. अलेक्झांडर सोल्झेनित्सिन यांनी ‘इव्हान देनिसोविचच्या आयुष्यातला एक दिवस’ या कादंबरीला आधी नायकाचा क्रमांक हेच नाव दिले होते. क्रमांक पुसट झाला तर तो रंगवून घेण्याची जबाबदारी कैद्याची, आणि नाही घेतला तर कोठडी. स्टालिनच्या मृत्यूनंतर हे क्रमांक काढून टाकण्यात आले.

ब्रिटिश हिंदुस्थानच्या तुरुंगांनी या पद्धती निराळ्या वाटेने गाठल्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बंगालमध्ये जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर गुन्हा गोंदला जाई. ही गोदना पद्धत १८४९ मध्ये बंद झाली. पुढे गोंदणाची जागा गळ्यातल्या बिल्ल्याने घेतली. अंदमानात कैदी उतरला की त्याचे कपडे जात, अर्धी विजार आणि सदरा येई, आणि गळ्यात लाकडी बिल्ला अडकवला जाई. त्यावर क्रमांक, कलम, शिक्षेची तारीख आणि सुटकेची तारीख. विनायक दामोदर सावरकर १९११ च्या जुलैमध्ये सेल्युलर जेलमध्ये पोचले. त्यांच्या बिल्ल्यावर सुटकेचे साल १९६० होते आणि धोकादायक कैद्याचे ‘डी’ अक्षर होते. ‘माझी जन्मठेप’ या पुस्तकात त्यांनी या बिल्ल्याचे आणि तिथल्या कारभाराचे वर्णन केले आहे. पन्नास वर्षांचा आकडा दिवसरात्र गळ्यात वागवणे हा शिक्षेचाच भाग होता. त्याची सोय तुरुंगाच्या दप्तराला व्हायची, आणि त्याचा भार कैद्याला.

इथेही मुकादमी कैद्यांकडेच होती. वॉर्डर, पेटी ऑफिसर, तंडेल, जमादार अशी चढती शिडी होती आणि प्रत्येक पायरीवरच्या कैद्याला साध्या कैद्याहून वेगळा दिसणारा पोशाख मिळे. सरकारचा पगारी नोकरांवरचा खर्च वाचला आणि कैद्याचा राग साहेबाऐवजी तंडेलावर निघू लागला. राजबंद्यांना छळण्यात हेच लोक पुढे होते.

मुख्य भूमीवरच्या तुरुंगांत १९३० नंतर आणखी एक वर्गवारी आली. लाहोर तुरुंगात जतींद्रनाथ दास यांनी ६३ दिवस उपोषण करून सप्टेंबर १९२९ मध्ये प्राण सोडले. राजकीय कैद्यांना माणसासारखे वागवा ही त्या उपोषणाची मागणी होती. सरकारने उत्तरादाखल कैद्यांचे ‘अ’, ‘ब’ आणि ‘क’ असे वर्ग केले. त्यासाठी पाहायचे ते शिक्षण, समाजातले स्थान आणि राहणीमान. वरच्या वर्गाला स्वतःचे कपडे, पुस्तके, बरे जेवण. ‘क’ वर्गाला तुरुंगाचा जाडाभरडा सदरा आणि चड्डी. एकाच सत्याग्रहात, एकाच कलमाखाली पकडलेले वकील आणि शेतकरी तुरुंगाच्या दारातून आत गेले की वेगळे दिसू लागत. राजकीय कैदी असा एक वर्ग मागितला होता. मिळाला तो सामाजिक दर्जाचा तक्ता.

दक्षिण आफ्रिकेने हाच तक्ता वंशाच्या आधारावर बांधला. १९५० च्या लोकसंख्या नोंदणी कायद्याने प्रत्येक माणसाला वंशाचे लेबल लावले आणि तुरुंगातही ते पाळले गेले. जून १९६४ मध्ये वर्णभेदी राजवटीविरुद्ध लढणाऱ्यांवरच्या रिव्होनिया खटल्यात जन्मठेप झालेल्यांपैकी डेनिस गोल्डबर्ग गोरे, म्हणून त्यांना प्रिटोरियाच्या गोऱ्यांच्या तुरुंगात ठेवले. उरलेले सात जण रॉबेन बेटावरच्या तुरुंगात गेले. त्यांत नेल्सन मंडेला, वॉल्टर सिसुलू यांच्यासह सहा आफ्रिकी होते, आणि सातवे अहमद कथराडा भारतीय वंशाचे. कपडे वाटताना कथराडांना लांब विजार, बूट आणि मोजे मिळाले. बाकी सहांना अर्धी चड्डी आणि चपला. बेटावर हिवाळ्यात अटलांटिकचा बोचरा वारा सुटतो, पण चड्डीचे कारण काटकसर नव्हते. गोऱ्यांच्या बोलीत आफ्रिकी पुरुष कोणत्याही वयाचा असो, ‘बॉय’ होता, आणि पोरग्याने चड्डीच घालायची असते. सिसुलूंनी तेव्हा पन्नाशी ओलांडली होती.

जेवणातही तीच उतरंड होती. भारतीय आणि मिश्रवंशीय कैद्यांना पाव आणि थोडी जास्त साखर, आफ्रिकी कैद्यांना मक्याची पेज. कथराडांना आपल्या वाट्याचे जास्तीचे नाकारावेसे वाटले. वडीलधाऱ्या सहकाऱ्यांनी त्यांना थांबवले: जे मिळाले आहे ते सोडू नये, सगळ्यांना तेवढे मिळावे म्हणून भांडावे. हा सल्ला व्यवहारी होता आणि सहज सुचणाराही नव्हता. त्यागाच्या भरात कथराडांनी चड्डी चढवली असती, तर तुरुंगाला सगळे एका रांगेत मिळाले असते, तेही खालच्या. मंडेलांना याचा अनुभव आधीच आला होता. १९६२ मध्ये प्रिटोरियाच्या तुरुंगात त्यांनी चड्डी घालायला साफ नकार दिला. अधिकाऱ्याने लांब विजार दिली आणि त्याबरोबर एकांतवासही. काही आठवड्यांनी माणसांची सोबत हवी म्हणून मंडेलांनी ती विजार परत केली. रॉबेन बेटावर सगळ्यांना लांब विजारी मिळायला तक्रारी, उपोषणे आणि काही वर्षे लागली.

जिथे दर्जा संपवण्यासाठीच गणवेश आणला गेला, तिथे काय झाले हेही पाहण्यासारखे आहे. चीनने १९६५ मध्ये सैन्यातले हुद्दे रद्द केले. सेनापतीपासून शिपायापर्यंत सर्वांना एकसारखा गणवेश, टोपीवर एक तारा, कॉलरवर लाल पट्ट्या. फीत नाही, पदक नाही. तरी कोणी फसत नसे: अधिकाऱ्याच्या कोटाला चार खिसे असत आणि शिपायाच्या कोटाला दोन. पुढच्याच वर्षी सांस्कृतिक क्रांती सुरू झाली आणि तरुण रेड गार्ड आईबापांचे जुने लष्करी कपडे घालून, दंडाला लाल फीत बांधून रस्त्यावर उतरले. सुरुवातीला ती फीत फक्त ‘लाल’ घराण्यातल्या मुलांनाच मिळे, म्हणजे कामगार, गरीब शेतकरी, सैनिक, पक्षाचे जुने कार्यकर्ते यांच्या. जमीनदाराच्या नातवाला ती वर्ज्य होती. कापड १९५४ पासून कुपनावरच मिळत असल्याने निळा-हिरवा-राखाडी यापलीकडे फारसे काही कोणाला परवडतही नव्हते, आणि ज्याने ते जमवले त्याची तंग विजार भर रस्त्यात कात्रीने कापली जाई. सैन्यातले हुद्दे १९८८ मध्ये परत आले.

रेड गार्डची फीत ही या विषयाची दुसरी बाजू दाखवते. गणवेश दडपलेल्याला वेगळा करतो तसाच दडपणाऱ्यालाही निर्ढावतो. मुसोलिनीचे काळे सदरे आणि हिटलरचे तपकिरी सदरे सत्ता येण्याआधीच सत्तेचा आव आणत. एकटादुकटा गुंड पोलिसांना हाताळता येतो. एकसारख्या कपड्यांतले पाचशे जण पाय आपटत आले की बघणाऱ्याला ते सरकारच वाटू लागते, आणि त्यातल्या एकेकाला आपण स्वतः काही केले असे वाटत नाही. लोकशाही सरकारांनाही हे कळत होते. प्रशियाने जून १९३० मध्ये नाझींच्या गणवेशावर बंदी घातली. नाझी पांढरे सदरे घालून संचलन करू लागले. ब्रिटनने १९३६ च्या कायद्याने राजकीय गणवेशच बेकायदा ठरवले, आणि तिथे ओस्वाल्ड मोझलीच्या काळ्या सदऱ्यांचा दिमाख त्याने उतरला. फरक कायद्याच्या मजकुरात फारसा नव्हता; तो अमलात आणणाऱ्या सरकारच्या बळात होता.

खूण लादता येते, पण तिचा अर्थ कायम ताब्यात ठेवता येत नाही. न्यू ऑर्लिन्समध्ये १७८६ साली स्पॅनिश गव्हर्नर मिरो याने स्वतंत्र कृष्णवर्णीय स्त्रियांनी केस रुमालाने बांधावेत असा हुकूम काढला. त्यांच्या केशरचनांचा थाट गोऱ्या बायकांना सहन होत नव्हता. त्या स्त्रियांनी इतके रंगीबेरंगी रुमाल इतक्या डौलाने बांधले की तो अपमान न राहता फॅशन झाला. उत्तर आयर्लंडमध्ये मार्च १९७६ नंतर ब्रिटिश सरकारने सशस्त्र गटांच्या कैद्यांचा विशेष दर्जा काढून घेतला आणि साध्या गुन्हेगारांचा गणवेश पुढे केला. सप्टेंबरमध्ये किरन न्यूजंट या तरुणाने तो घालायला नकार दिला आणि कोठडीतले कांबळे अंगाला गुंडाळून घेतले. पाठोपाठ शेकडो कैद्यांनी तेच केले. शिक्षेतली सूट गेली, भेटी बंद झाल्या, तरी चार-पाच वर्षे ते कांबळ्यावर राहिले. १९८१ च्या उपोषणात बॉबी सँड्ससह दहा जण मेले. त्यांच्या पाच मागण्यांतली पहिली होती ती तुरुंगाचा गणवेश न घालण्याची. उपोषण मागे घेतल्यानंतर त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये सरकारने सर्व कैद्यांना स्वतःचे कपडे घालायची मुभा दिली.

तुरुंगातल्या कपड्यांविषयी आज जगभर जो दंडक मानला जातो, तो संयुक्त राष्ट्रांनी १९५५ मध्ये प्रथम मांडलेल्या किमान नियमांचा. डिसेंबर २०१५ मध्ये त्यांची सुधारित आवृत्ती मंजूर झाली आणि तिला नेल्सन मंडेला यांचे नाव देण्यात आले. कैद्याला दिलेला कपडा मानहानी करणारा नसावा. त्याला कामानिमित्त बाहेर नेताना स्वतःचे किंवा लोकांच्या नजरेत न भरणारे कपडे घालू द्यावेत, असे त्यात म्हटले आहे. खटला अजून चालू असलेल्या कच्च्या कैद्याला स्वतःचे स्वच्छ कपडे वापरता यावेत, असेही आहे. आणि तुरुंगाचेच कपडे त्याला द्यायची वेळ आली, तर ते पक्क्या कैद्याच्या कपड्यांहून वेगळे दिसले पाहिजेत, अशी तरतूद त्याच नियमात आहे.